नुसती झिप किंवा रार फाइल उघडल्याने कॉम्प्युटर हॅक होतो का? आतली एक्झी फाइल मी चालवतच नाही, शिवाय अँटिव्हायरस आहे.

होऊ शकतो. इथे हल्ला थेट फाइल उलगडणाऱ्या प्रोग्रामवर, म्हणजे सेव्हन-झिप किंवा विनरारवर होतो, आतली फाइल चालवायची गरजच नसते. हे प्रोग्राम सी++ मध्ये लिहिलेले आहेत आणि बफरची (डेटा तात्पुरता ठेवायच्या मेमरीतल्या जागेची) हद्द सांभाळायचं काम तिथे प्रोग्रामरच्या गळ्यात असतं.

समजा, हेडर (फाइलमधला, आत काय आणि किती आहे हे सांगणारा भाग) म्हणतो की पुढचा ब्लॉक 4,29,49,67,290 बाइट्सचा आहे. कोडने त्यात 16 मिळवले की बेरीज 32 बिटांत मावत नाही आणि हातात उरतात 10. मेमरी मागितली जाते 10 बाइट्सची, कॉपी मात्र मूळ आकड्याने सुरू होते. शेजारचा डेटा पुसला जातो. बहुतेकदा प्रोग्राम नुसता क्रॅश होतो. पण कशावर काय लिहिलं जाईल हे फाइल बनवणाऱ्याने नेमकं जुळवलं, तर त्याचा कोड तुमच्या परवानग्यांनिशी चालतो.

2016 साली सेव्हन-झिपमध्ये याहून ढोबळ चूक सापडली. एचएफएस प्लस इमेज (ॲपलच्या मॅकच्या डिस्कची एका फाइलीतली प्रत) वाचताना बफर ठरावीक, साधारण 64 केबीचा; ब्लॉकचा आकार फाइल सांगेल तो; आणि दोन्ही ताडून बघणं नाहीच. आवृत्ती 16.00 मध्ये ते दुरुस्त झालं. ‘असल्या फाइली मी उघडत नाही’ म्हणून सुटका नाही, कारण सेव्हन-झिप सिग्नेचर (फाइलमधले ओळखीचे बाइट्स) बघूनही फॉरमॅट ओळखतो. नावाला झिप, आत भलतंच, असं चालून जातं.

अँटिव्हायरसलाही फाइल उलगडूनच बघावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या स्कॅनरमध्ये अनरारचा (रार फाइल उलगडणारा) कोड घेताना साइन्ड (ऋण आकडेही धरणारी) व्हेरिएबल्स अनसाइन्ड (ऋण आकडे न धरणारी) केली गेली, त्यामुळे शून्याखालची तपासणी निकामी झाली. 2018 मध्ये हे उघड झालं, आणि तो स्कॅनर चालतो सिस्टिमच्या, म्हणजे विंडोजमधल्या सर्वोच्च अधिकारांनी!

आता उपाय. हेल्प मेन्यूत अबाउट उघडून आवृत्ती बघा: सेव्हन-झिप 25.01, विनरार 7.13 किंवा त्यापुढची हवी. (7.13 मधली मुख्य दुरुस्ती मेमरीची नव्हे, फाइल भलत्याच फोल्डरमध्ये टाकण्याची होती. हल्ल्यात वापरली गेली म्हणून तीही तितकीच निकडीची.) दोन्ही आपणहून अपडेट होत नाहीत, मूळ साइटवरून नवा इन्स्टॉलर घेऊन चढवावा लागतो. मग डिस्कवर 7झेड.डीएलएल (7z.dll) आणि अनरार.डीएलएल (unrar.dll) या उलगडण्याचा कोड असलेल्या फाइली शोधा. इतर सॉफ्टवेअर स्वतःची जुनी प्रत बाळगून असतात आणि ती तुमच्या अपडेटने बदलत नाही. ते सॉफ्टवेअरच नवं घ्यावं लागतं.