अमेरिकन गायक ग्रॅम पार्सन्सचं एकही गाणं हिट नाही, मग त्याचं एवढं नाव का घेतात?

हिट नाही हे खरंच. तो जिवंत असताना त्याच्या रेकॉर्डी फारशा खपल्याही नाहीत. बहुतेकांना ठाऊक असतो तो त्याचा मृत्यू. १९ सप्टेंबर १९७३ ला कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री इथल्या मोटेलात दारू आणि मॉर्फिनने तो गेला, वय २६. घरचे मृतदेह विमानाने न्यायच्या तयारीत, तर मॅनेजर फिल कॉफमन आणि एका मित्राने लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून शवपेटीच पळवली आणि वाळवंटात नेऊन पेट्रोल ओतून पेटवली. का, तर ग्रॅमने तसं सांगून ठेवलं होतं म्हणे! त्यांना दंड झाला, तो पेटी चोरल्याचा. त्याच्यावर लिहिणारे निम्मे लोक इथेच अडकतात. मीही बरीच वर्षं अडकलो होतो.

ग्रॅमच्या आईचं माहेर फ्लोरिडातलं, संत्र्यांच्या बागांचं, गडगंज. पण तो १२ वर्षांचा असताना वडिलांनी स्वतःला गोळी घातली आणि शाळा संपली त्याच दिवशी आई दारूपायी गेली. हार्वर्डमध्ये जेमतेम एक सत्र काढलं.

खरी गोष्ट १९६८ ची. तेव्हा कंट्री म्हणजे केस बारीक कापलेल्या, देवभोळ्या अमेरिकन दक्षिणेचं संगीत आणि रॉक म्हणजे युद्धाविरुद्ध ओरडणाऱ्या झिपऱ्या पोरांचं. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. ग्रॅम बर्ड्स या नावाजलेल्या रॉक बँडमध्ये शिरला आणि काही महिन्यांत त्यांना कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला नेऊन, पेडल स्टील गिटारच्या (कंट्रीतलं सूर ओढत नेणारं वाद्य) संगतीत ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही रेकॉर्ड करायला लावली. रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच हा गडी बँड सोडून मोकळा! दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याला जाणार नाही म्हणाला. कारण वर्णभेद, पण लंडनमध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्सची संगत सोडवत नव्हती असंही म्हणतात. मला दोन्ही पटतं.

मग त्याचा पुढचा बँड, फ्लाइंग बरिटो ब्रदर्स. त्या वेळचा त्याचा पांढरा सूट फोटोत नीट बघा. कंट्री गायकांचा असतो तसाच भरतकामाचा, पण नक्षी कसली, तर गांजाची पानं, अफूची फुलं, गोळ्या आणि पाठीवर भला मोठा क्रूस. दोन्ही जगं एकाच अंगरख्यावर.

तरी मला तो समजला एमिलू हॅरिसमुळे. वॉशिंग्टनच्या क्लबांत गाणारी ही मुलगी त्याने आपल्या दोन सोलो रेकॉर्डींसाठी बोलावून घेतली. आपल्या कानाला द्वंद्वगीत म्हणजे एक ओळ त्याची, एक तिची, आणि एकत्र आले की चाल एकच. इथे तसं नाही. ‘लव्ह हर्ट्स’ ऐका. दोघं तेच शब्द एकाच वेळी म्हणतात, पण तिची चाल त्याच्या वरून जाते. त्याचा आवाज मध्येच कापतो, जरा बेसूरही होतो. ती त्याला झाकत नाही, फक्त श्वास जुळवून सोबत राहते. हे गाणं ज्या ‘ग्रीव्हस एंजल’मध्ये आहे ती रेकॉर्ड १९७४ च्या जानेवारीत आली, तो गेल्यावर चार महिन्यांनी. पुढे एमिलू मोठी झाली आणि वर्षानुवर्षं त्याची गाणी गात राहिली. त्याचं नाव टिकलं त्यात तिचा वाटा त्या शवपेटीच्या किश्श्यापेक्षा मोठा आहे, असं माझं मत.

ऐकायचंच असेल तर हेडफोन लावून, रात्री. आणि पहिल्यांदा फक्त तिचा आवाज धरा.