शाळा बंद, फोन चालू

प्रश्न: पावसाळ्यात रस्ता तुटला की आमची शाळा आठवडाभर भरत नाही. घरोघरी साधे फोन आहेत, स्मार्टफोन मोजकेच. एसएमएसने गणितं पाठवून उपयोग होईल का? कोविडकाळातल्या संशोधनातून यावर काही ठोस हाती लागलं आहे का?
– एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर: नुसत्या एसएमएसवर विसंबू नका. बोट्स्वानात २०२० साली शाळा बंद असताना तिसरी ते पाचवीच्या मुलांची सुमारे साडेचार हजार कुटुंबं घेऊन, यादृच्छिक निवडीने तीन गट केले गेले. एका गटाला दर आठवड्याला एसएमएसने गणितं गेली, दुसऱ्याला एसएमएस आणि शिवाय १५-२० मिनिटांचा फोन, तिसऱ्याला काहीच नाही. फोन आलेली मुलं ०.१२ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत एरवी किती फरक असतो, त्याच्या तुलनेत वाढ मोजायचं एकक) पुढे गेली. फक्त एसएमएस मिळालेल्या मुलांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. मूल नेमकं कुठे अडलं ते एसएमएसला कळत नाही, फोनवर लगेच कळतं. पुढे भारत आणि नेपाळसह पाच देशांत हाच प्रयोग झाला आणि फोनचा फायदा दिसला. सिएरा लिओनमधल्या एका प्रयोगात मात्र फोन करूनही गुण वाढले नाहीत. म्हणजे फोन लावला की काम झालं, असं नाही. त्या वीस मिनिटांत काय करता यावर सगळं आहे.

पालक कामावरून घरी येतात ती वेळ आधी ठरवून घ्या. फोन स्पीकरवर ठेवायला सांगा, पालकांना शेजारी बसू द्या, पण उत्तर मुलाकडूनच घ्या. एसएमएसमधल्याच गणिताने सुरुवात करा. दोन अंकी बेरीज जमली तर हातच्याची वजाबाकी, मग गुणाकार, भागाकार. जिथे अडेल तिथेच पुढचे दोन-तीन फोन थांबा. इयत्तेचा अभ्यासक्रम गाठायची घाई इथे मुलाला मागे ढकलते.

वेळेचा हिशेब आधीच करा. वीस मुलं गुणिले वीस मिनिटं म्हणजे आठवड्याला जवळजवळ सात तास. पट चाळीसचा असेल तर एकट्याने होणार नाही. गावातल्या बारावी झालेल्या मुलामुलींना प्रत्येकी आठ-दहा मुलं वाटून द्या.

प्रश्न: अशा काळात मुलं किती शिकली हे तपासायला गूगल फॉर्म चालेल का?
– मुख्याध्यापक, गडचिरोली

उत्तर: नाही. 'असर' या मुलांचं शालेय शिक्षण आणि वाचन-गणित तपासणाऱ्या देशव्यापी उपक्रमाच्या २०२१च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. फॉर्म भरून येईल तो सोय असलेल्या घरांतून, तोही कदाचित थोरल्या भावंडाने भरलेला. मागे पडलेली मुलं तुमच्या आकड्यांत दिसणारच नाहीत.

तोंडी चाचणी फोनवरच घ्या. बोट्स्वानातली चाचणी 'असर'च्याच धर्तीवर बेतलेली होती: एका गणिताला दोन मिनिटं, आणि ते कसं सोडवलं हे मुलाने सांगितलं तरच उत्तर बरोबर धरायचं. घरातल्यांनी सांगितलेलं उत्तर या अटीवर बहुधा गळून पडतं. शाळा सुरू झाल्यावर तशीच गणितं आकडे बदलून समोरासमोर घ्या. ज्यांचा फोन लागलाच नाही अशा मुलांची यादी वेगळी ठेवा आणि त्यांच्यापासून सुरुवात करा.