रात्रभराची रिले : तीन तास पळणं, तीस तास गाडी

मागच्या अंकात रात्रभर चालणाऱ्या रिले रेसबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बारा जणांची टीम, दोन व्हॅन, एका व्हॅनमध्ये सहा जण. एकूण अंतराचे ३६ तुकडे पाडलेले असतात, त्यांना लेग म्हणतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन लेग येतात. एक व्हॅन आपले सहा लेग पळून संपवते तोवर दुसरी आराम करते, मग अदलाबदल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९८२ साली सुरू झालेली हूड टू कोस्ट ही यातली सगळ्यात जुन्या आणि नावाजलेल्या रेसपैकी एक, डोंगरावरून निघून समुद्रापर्यंत साधारण ३२० किलोमीटर. किलोमीटरला सरासरी सहा मिनिटं धरली तर हिशोब ३२ तासांवर जातो, त्यातले तुम्ही स्वतः पळता फक्त तीनेक तास. उरलेल्या वेळात तुम्ही काय करता यावरच तुमचा तिसरा लेग ठरतो, आणि आजची सगळी उत्तरं फिरून फिरून तिथेच येणार आहेत.

ताई, ऑफिसमधल्या टीममध्ये एक जण कमी पडला म्हणून मला घेतलंय. माझं दहा किलोमीटर ६५ मिनिटांत होतं, बाकीचे सगळे ५० च्या आसपास. माझ्यामुळे टीम मागे पडेल असं सारखं वाटतं, त्यात माझा दुसरा लेग पहाटे तीनला आहे आणि मी आजवर कधी अंधारात पळालेली नाही. नाही म्हणून टाकू का?

अगं नाही कशाला म्हणतेस! आधी टीम मागे पडायचं बघू. अशा बऱ्याच रेसमध्ये प्रत्येकाचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते, आधीच कळवायचा असतो, त्यावरून टीमचा अंदाजे वेळ काढतात आणि सुरुवातीची वेळ देतात, हळू टीम सकाळी लवकर सुटतात आणि वेगवान टीम दुपारी, म्हणजे शेवटाला सगळे साधारण एकाच सुमारास पोचतात. तुझे ६५ मिनिटं त्या हिशोबात आधीच धरलेले असणार. फक्त कॅप्टनला खरा आकडा दे, लाजून ५८ सांगू नकोस. खोटा पेस दिला की पुढचा रनर एक्स्चेंजवर, म्हणजे रनर बदलायच्या जागी, थंडीत ताटकळतो, तुला इथे ओझं झाल्यासारखं वाटतं आणि सगळ्यांचंच गणित बिघडतं.

आता ट्रेनिंग. रिलेत अंतर मोठं नसतं, थांबून परत सुरू होणं अवघड असतं. पहिला लेग झाला की पाय गरम असतात, मग पाच-सहा तास गाडीत गुडघे दुमडून बसायचं आणि मग तेच पाय पुन्हा पळायला काढायचे, याची सवय करून घ्यावी लागते. म्हणून रेसच्या पाच आणि तीन आठवडे आधीचे असे दोन वीकेंड निवड, शनिवारी संध्याकाळी सहा किलोमीटर, रविवारी उजाडायच्या आधी पाच आणि दुपारनंतर परत सहा. तिसऱ्या वेळी पहिला किलोमीटर इतका जड जाईल की आज होणारच नाही असं वाटेल, दुसऱ्यात पाय मोकळे होतात. हे एकदा घरी अनुभवलं असलं ना की रेसमध्ये घाबरायला होत नाही. पेसचं म्हणशील तर तुझा नेहमीचा साडेसहाचा आहे, पहिला लेग ६:५० नेच पळ, कितीही ताजं वाटलं तरी. पहिल्या लेगमध्ये वाचवलेलं तिसऱ्यात कामाला येतं.

आणि पहाटे तीनचा लेग. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला स्वतःला तीन लेगमधला हाच सगळ्यात आवडतो. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं, झोपही त्याच वेळी सगळ्यात जड येते, त्यामुळे तेव्हा सुस्त वाटणं हा तुझा कमकुवतपणा नाही, शरीराचं घड्याळच तसं आहे. झोपेतून उठल्यावर डोकं जागेवर यायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास जातो, म्हणून लेगच्या निदान पाऊण तास आधी उठ, तोंड धू, गाडीबाहेर चाल. झोपेतून उठून थेट पळायला उभं राहू नकोस.

दिव्याचं एक सांगते जे मला फार उशिरा कळलं. कपाळावरचा हेडलॅम्प आपण बघतो त्याच दिशेने प्रकाश टाकतो, त्यामुळे सावल्या दिसतच नाहीत आणि खड्डा सपाट रस्त्यासारखा भासतो. तोच दिवा कमरेला बांधला किंवा एक छोटा टॉर्च हातात खाली धरला की प्रकाश आडवा पडतो, प्रत्येक दगडाला सावली येते आणि पाय कुठे ठेवायचा ते कळतं. मी आता दोन्ही घेते, कपाळावर एक आणि कमरेला एक. बॅटरी नवी घाल, जास्तीची खिशात ठेव. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि पाठीला लुकलुकणारा लाल दिवा यात अजिबात तडजोड नको, कानात इअरफोन नको, आणि रेसने वेगळी बाजू ठरवून दिली नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळ. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या स्क्रीनकडे एकदा बघितलं की ते सगळं पुसलं जातं, म्हणून लेगच्या आधी फोन आत ठेवून दे.

मग एकदा तू रस्त्यावर आलीस की चार-पाचशे मीटरवर पुढच्या कुणाचा तरी लाल ठिपका लुकलुकताना दिसेल. बाकी काहीच नाही, स्वतःचा श्वास आणि बुटांचा आवाज. तो ठिपका हळूहळू जवळ येतो किंवा लांब जातो, मागून कुणीतरी येतं, शाबास म्हणून पुढे निघून जातं, चेहरासुद्धा दिसत नाही. मला तर त्या तासाभरात फार शांत वाटतं. तू जा, आणि मला नक्की कळव.

मी कॅप्टन आहे. मागच्या वर्षी दुसऱ्या रात्रीपर्यंत आमच्या व्हॅनमध्ये दोघांचं बोलणं बंद झालं होतं आणि एकाचा पाय मध्येच मुरगळला तेव्हा त्याच्या जागी कोण पळणार यावर अर्धा तास वाद झाला. या वेळी काय वेगळं करू?

पाय मुरगळण्याचं आधी, कारण ते सोपं आहे. बदली रनरबद्दल प्रत्येक रेसचे नियम वेगळे असतात, ते घरी बसून वाचा, आणि प्रत्येक व्हॅनमध्ये जास्तीचा लेग कोण घेणार ही दोन नावं निघायच्या आधीच कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. रात्री दोनला उपाशी आणि झोप न झालेल्या सहा जणांनी मिळून निर्णय घ्यायचा म्हटलं की वाद होणारच, तुमच्या लोकांचा त्यात दोष नाही. आणि मुरगळलेल्याने बसायचं म्हणजे बसायचं, शेवटचा लेग लंगडत करतो म्हणाला तरी ऐकू नका.

भांडणाचं बोलायचं तर मी इतक्या व्हॅनमध्ये बसलेय की आता छातीठोक सांगते, दहातली नऊ भांडणं भूक नाहीतर झोप यातून येतात. आम्ही एक नियम केला आणि तो फार उपयोगी पडला : अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत गाडीत कुणाच्याही वेळेबद्दल बोलायचं नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही. जो लेग पळून आला त्याला कोरडे कपडे, पाणी आणि खायला द्यायचं, बस. कितीत झालं ते उन्हात बोला.

लेग वाटताना सगळ्यात अवघड लेग सगळ्यात वेगवान माणसाला असं सरसकट करू नका. उतार भरपूर असलेला लेग ज्याचे गुडघे दुखतात त्याला गेला तर तो तिसऱ्या लेगला उभा राहणार नाही. ज्याला रात्री जागायची सवय आहे त्याला मधल्या रात्रीचे लेग द्या. आणि एक्स्चेंजवर पुढचा रनर दहा मिनिटं आधी उभा पाहिजे. रात्री सगळे रनर म्हणजे समोरून येणारा एक पांढरा झोत, कोण कुणाचं काहीच कळत नाही, म्हणून येणाऱ्याने शंभरेक मीटरवरून आपला नंबर ओरडायचा आणि दिवा खाली वाकवायचा, नाहीतर रिलेतल्या काठीऐवजी जो मनगटावरचा पट्टा पुढच्याला सोपवतात तो द्यायच्या क्षणी समोरच्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. हे दिवसाउजेडी एकदा हसत खेळत करून बघा.

झोप. सहा लेगचे पाच-साडेपाच तास तुम्हाला मोकळे मिळतात, त्यातून पुढच्या एक्स्चेंजपर्यंत गाडीने जाणं, खाणं, कपडे हे वजा केलं तर फार तर दोन-अडीच तास उरतात. ते गप्पांत घालवू देऊ नका. मॅट, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आडवं व्हायला जागा. झोप नाही लागली तरी डोळे मिटून पाय पसरून पडलेलं चालतं. आणि रेसच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांना रोज तासभर लवकर झोपायला सांगा, त्याने जागरण बरंच सोसवतं.

तिसऱ्या लेगपर्यंत माझं पोट बिघडतंच. काय खाऊ? आणि पाय ठणकतात म्हणून दोन लेगच्या मध्ये पेनकिलर घेतली तर चालेल का?

पेनकिलरचं उत्तर नाही असंच आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्याचा धोका आणखी वाढतो, शिवाय पोट बिघडण्याचं तेही एक कारण असू शकतं. दुखणं तेवढं असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

खाण्याचं म्हणाल तर लेग संपल्यावर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दोन केळी आणि ब्रेडचा एखादा तुकडा. पचायला जड, तळलेलं, फार चोथ्याचं असं रेस संपेपर्यंत नको, आणि त्या दिवशी नवीन काही करून बघू नका. मोठं खाणं लेगच्या दोन तास आधी संपवा. पाणी तहानेप्रमाणे प्या, नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते खरंच जिवावर बेतू शकतं. कॉफी फक्त रात्रीच्या लेगच्या जरा आधी घ्या, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही अंगात असतो, संध्याकाळी प्यायलात तर मिळालेले दोन तास नुसते कुशी बदलण्यात जातात.

मी ५८ वर्षांचा आहे, पळत नाही. मुलाच्या टीमची व्हॅन चालवायला मला बोलावलंय. तो म्हणतो बाबा, तुम्हाला फक्त गाडी चालवायचीय. पण मलाही टीमला काही मदत करायचीय, काय करू?

काका, मुलाला सांगा की त्यातला 'फक्त' काढून टाक. या सगळ्या प्रकारात खरा धोका कुठे असेल तर तो स्टिअरिंगवर आहे, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून मी तुमचाच विचार करतेय.

काही वर्षांपूर्वी आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर स्वतः दोन लेग पळून आलेला होता. पहाटे साडेचार, मागे सगळे गाढ झोपलेले, मी पुढे बसून नकाशा बघत होते. अचानक चाकांखाली खडी वाजायला लागली. मी वर बघितलं तर आम्ही रस्ता सोडून कडेला उतरत होतो आणि तो मान खाली घालून झोपला होता. मी त्याचा दंड धरून ओरडले, त्याने गाडी सावरली, काही झालं नाही. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं गाडीबाहेर नुसते उभे होतो, त्याचे हात थरथरत होते. मागच्यांना उजाडेपर्यंत काही सांगितलं नाही.

सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारख्या होतात, हे १९९७ साली 'नेचर'मध्ये छापून आलंय. डुलकी तीन सेकंदांची असली तरी ताशी साठच्या वेगात गाडी तेवढ्यात पन्नास मीटर जाते.

म्हणून तुमचं पहिलं काम झोपणं. टीमला स्पष्ट सांगा की व्हॅनला दोन ड्रायव्हर हवेत, शक्यतो न पळणारे, आणि आपली व्हॅन आरामाला थांबली की सगळ्यात आधी तुम्ही आडवे होणार, सामान आवरणं, खाणं काढणं पोरं करतील. रात्री पुढच्या सीटवर कायम एक जण जागा पाहिजे आणि तो तुमच्याशी बोलत राहिला पाहिजे. डोळे जड झाले, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवेना झालं, की लगेच सुरक्षित जागी गाडी लावा, कपभर कॉफी घ्या आणि वीस मिनिटं झोपा, उठाल तेव्हा कॉफीचाही असर सुरू झालेला असेल. खिडकी उघडून, गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. रनर वाट बघत असला तर बघू दे, वीस मिनिटांनी कुणाचं काही बिघडत नाही.

रनरच्या मागे मागे गाडी चालवू नका, त्याला धूर लागतो आणि मागची वाहतूक अडते, पुढे जाऊन थांबा. रस्त्याच्या पूर्ण बाहेर लावा, हेडलाइट रनरच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे, आणि पोरांना रस्त्याच्या बाजूचं दार उघडू देऊ नका. झोपेत उठलेलं माणूस न बघता थेट रस्त्यात उतरतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि सगळ्यात कठीण तास फिनिशनंतरचा. मेडल मिळतं, फोटो होतात, सगळ्यांना घरी जायची घाई असते आणि तीस तास ताणलेलं अंग एकदम सैल पडतं. तुम्ही त्या वेळी ठाम राहा. जवळच खोली आधीच ठरवून ठेवा, नाहीतर गाडीतच, पण सगळ्यांनी चार-पाच तास झोपायचं. तोवर व्हॅनची किल्ली तुमच्या खिशात, मुलाने मागितली तरी द्यायची नाही.