अमेरिकन टीव्ही पत्रकार केटी क्युरिकचा दुपारचा टॉक शो दोनच वर्षांत का गुंडाळला?

नाव मोठं होतं, पण वेळ आणि बाज जुळला नाही, एवढंच. मे २०११ मध्ये ओप्रा विन्फ्रीचा टॉक शो संपला आणि अमेरिकेत दुपारची ती गादी रिकामी झाली. 'टुडे' या सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात १५ वर्षं काढलेली क्युरिक त्या जागेसाठी फिट वाटत होती. तिचा 'केटी' हा शो १० सप्टेंबर २०१२ ला सुरू झाला, पहिल्या भागात पाहुणी गायिका जेसिका सिम्पसन.

घोळ इथेच आहे. तिची खरी ताकद मुलाखत. मॅन्टी टेओ या अमेरिकन फुटबॉल खेळाडूची 'वारलेली' प्रेयसी मुळात अस्तित्वातच नव्हती, हे उघड झाल्यावर जानेवारी २०१३ मध्ये त्याला आई-वडिलांसह समोर बसवलं, ते तिलाच जमावं. पण रोज दुपारी असा माणूस आणायचा कुठून? मग सेलिब्रिटी, आरोग्य, घरगुती विषय. त्यात निर्माता जेफ झकर पहिल्याच हंगामात सीएनएन या वृत्तवाहिनीत गेला.

डिसेंबर २०१३ मध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) लशीवरच्या भागात क्वचित घडणाऱ्या दुष्परिणामांना अवाजवी महत्त्व दिलं म्हणून टीका झाली. नंतर तिनेही ते मान्य केलं. (शो मात्र त्यामुळे बंद पडला नाही.) त्याआधीच तिने याहूची नोकरी धरली होती. २०१४ च्या उन्हाळ्यात पडदा पडला.