ताणामुळे मादी प्राणी नराला खरंच नकार देते का? मेंदूत नेमकं काय होतं?

हो, देते. आणि ‘माद्या लहरी असतात’ हे त्याचं उत्तर नव्हे. ते वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

पीएचडीत माझं काम पांढऱ्या उंदरांच्या माद्यांवर होतं. अंडाशय काढलेल्या माद्या, चाचणीच्या दोन दिवस आधी इस्ट्रोजेन, त्या दिवशी चार तास आधी प्रोजेस्टेरॉन. एवढं दिलं की मादी नरापुढे टुणटुण उड्या मारते, कान थरथरवते आणि नर चढला की पाठ खोलगट करून शेपूट बाजूला घेते. हाच लॉर्डोसिस. नर दहा वेळा चढला तर तो किती वेळा दिसला, एवढंच मोजायचं. माझ्या माद्या दहातून दोनदा, फार तर तीनदा. बाकी वेळ लाथा, चींचीं आणि मागच्या पायांवर उभं राहून नराला गुद्दे.

सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले, डोस चुकलाय. नवी बाटली फोडली, डोस दोनदा मोजला. तेच. मग म्हणाले, “माद्या लहरीच. नर घे, वर्ष वाचेल.”

मला खटकत होती ती ट्रॉली. तिचं एक चाक वाकडं. पिंजरे लांबलचक पॅसेजमधून खडखडत यायचे आणि टेबलावर ठेवल्या ठेवल्या चाचणी सुरू. तोवर भुशावर लेंड्यांचा सडा पडलेला असायचा, म्हणजे माद्या घाबरलेल्या. एका रविवारी मी पिंजरे एकेक करून हातात उचलून आणले, लाल दिवा लावला आणि दोन तास कशालाही हात लावला नाही. दहातून आठ. एकीचे तर नऊ.

आता बघा, या माद्यांना अंडाशय नव्हतंच, हार्मोन आम्ही बाहेरून देत होतो. म्हणजे ‘ताणाने अंडाशयाचं काम मंदावतं’ हे नेहमीचं उत्तर इथे लागूच होत नाही. धडधाकट मादीत ते खरं आहे: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे ताणाचं हार्मोन सुटतं, अंडाशयाला चालना देणाऱ्या साखळीतल्या जीएनआरएचचे ठोके मंदावतात, अंडं सुटायला लागणारी एलएच हार्मोनची उसळी लांबते, माज पुढे जातो. पण सीआरएच वागणुकीवर थेटही काम करतं. उंदराच्या मादीच्या मेंदूत ते सरळ टोचलं की लॉर्डोसिस घटतो, हे 1983 सालीच छापून आलंय. म्हणजे रक्तात सगळी तयारी असूनही मेंदू नाही म्हणू शकतो.

आणि लहरीपणाचंच म्हणाल, तर 2014 मध्ये उंदरांवरच्या जवळपास तीनशे शोधनिबंधांचे आकडे एकत्र तपासले गेले. माजाच्या चक्राचा दिवस न बघताही माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले निघाले नाहीत. तरीही मेंदूविज्ञानात फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या पाचपटीहून जास्त होते, ही 2011 मधली मोजणी. दोन्हींच्या प्रिंट मी सरांना दिल्या. त्यांनी त्या खणात टाकल्या.

तुम्ही स्वतः असं काम करत असाल तर आधी पिंजरा कसा येतो ते बघा, माद्यांना निदान तासभर स्थिरावू द्या, मग डोसवर संशय घ्या. गाईड नर घ्यायला सांगतील. घेऊ नका.

हो, एक सांगायचं राहिलं. ताण दर वेळी ब्रेकच लावतो असं नाही. फक्त इस्ट्रोजेन दिलेल्या मादीत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतून सुटणारं प्रोजेस्टेरॉन उलट मदत करू शकतं. चिचुंद्रीच्या मादीत तर कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोनच समागमाला पोषक ठरतं. तेव्हा माझ्या उंदरांवरून सगळ्या माद्यांचा निकाल लावू नका.

रविवारचे आकडे सरांनी थीसिसमध्ये घेऊ दिले नाहीत, म्हणे योगायोग. मग पुढचे सहा आठवडे निम्म्या माद्या ट्रॉलीवरून आणल्या, निम्म्या हातातून. ते आकडे त्यांना घ्यावे लागले. चाक मात्र शेवटपर्यंत कोणी बदललं नाही.