आफ्रिकेत चर्च, मशिदी आणि नागरी संस्थांमुळे कारभार खरंच सुधारतो का, की सगळी नुसती प्रवचनं?

'नुसती प्रवचनं' हे शब्द टोचले, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: या संस्था नेमकं काय करतात, आणि त्यानं फरक पडतो का. पहिलीचं उत्तर सविस्तर देतो. दुसरीचं उत्तर देश बदलला की बदलतं.

आधी प्रवचनाचंच बघू. मलावीत कामुझू बांडा यांची एकपक्षीय राजवट होती, सरकारविरुद्ध बोललं की माणूस तुरुंगात. ८ मार्च १९९२च्या रविवारी तिथल्या कॅथलिक बिशपांचं पत्र देशभरातल्या चर्चमध्ये एकाच वेळी वाचलं गेलं. पगार पुरत नाहीत, दवाखान्यात औषधं नाहीत, लोकांना मोकळेपणानं बोलता येत नाही, असा साधा मजकूर. इंग्रजी, चिचेवा आणि तुंबुका या भाषांत सुमारे १६ हजार प्रती गुपचूप छापून आधीच पोचवल्या होत्या. सरकारनं पत्र जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं, पण तोवर ते लाखो लोकांनी ऐकलं होतं. ऐकलेलं जप्त कसं करणार? पुढे प्रेस्बिटेरियन चर्च, मुस्लिम संघटना आणि वकिलांची संघटना एका समितीत एकत्र आल्या. १४ जून १९९३ला सार्वमत झालं, बहुपक्षीय पद्धत जिंकली, आणि १९९४च्या निवडणुकीत बांडा हरले.

या पत्राच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात. माझ्या मते खरं काम केलं ते वाटपानं. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत सरकारी यंत्रणा तालुक्याच्या गावापाशी संपते आणि चर्च किंवा मशीद त्याच्याही पुढे असते. तिथे लिहिता-वाचता येणारा, गावाला माहीत असलेला माणूस असतो, बसायला जागा असते, आणि वरपर्यंत निरोप जायची रोजची वाट असते. ही वाट कशासाठी वापरायची, यावर सगळं अवलंबून आहे. तिचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे मतांची समांतर मोजणी. आणि तिचा सगळ्यात मोठा अपव्यय झाला काँगोत, २०१८ साली.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिलांची मुदत डिसेंबर २०१६मध्ये संपली होती, पण निवडणूक होत नव्हती. कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं मध्यस्थी करून ३१ डिसेंबर २०१६ला सरकार आणि विरोधकांत करार घडवला. तोही पाळला जाईना, तेव्हा पाद्री नसलेल्या सामान्य कॅथलिकांच्या समितीनं रविवारच्या प्रार्थनेनंतर मोर्चे काढले: ३१ डिसेंबर २०१७, २१ जानेवारी २०१८, २५ फेब्रुवारी २०१८. प्रत्येक वेळी गोळ्या चालल्या आणि माणसं मेली. अखेर ३० डिसेंबर २०१८ला मतदान झालं. बेनी, बुटेंबो आणि युंबी इथलं मतदान निवडणूक आयोगानं पुढे ढकललं, म्हणजे सुमारे १२ लाख मतदार राष्ट्राध्यक्षाच्या निवडीतून बाहेरच राहिले. बेनीतल्या लोकांनी त्या दिवशी स्वतः रांगा लावून लुटुपुटीचं मतदान केलं.

बिशपांच्या परिषदेनं सुमारे ४० हजार निरीक्षक उतरवले होते. आता हे निरीक्षक करतात काय, ते सांगतो, कारण 'निवडणूक निरीक्षण' म्हटलं की लोकांना जाकीट घालून फिरणारे परदेशी पाहुणे आठवतात.

मतदान संपलं की मोजणी तिथेच, केंद्रावर होते. आकडे एका पत्रकावर लिहून प्रतिनिधींच्या सह्या घेतात आणि एक प्रत दारावर चिकटवतात. काँगोत त्या पत्रकाला सगळे 'पेव्हे' म्हणतात. घोटाळा बहुतेक वेळा इथे होत नाही. तो पत्रक केंद्रातून निघून बेरजेच्या ठिकाणी पोचेपर्यंतच्या वाटेवर होतो. म्हणून दारावरचा आकडा त्याच रात्री दुसऱ्या वाटेनं बाहेर काढायचा, एवढंच समांतर मोजणीचं तत्त्व आहे.

सगळी केंद्रं लागत नाहीत. प्रत्येक प्रांतातल्या केंद्रांच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकून हजार-दोन हजार केंद्रं निवडायची. निवड यादृच्छिकच हवी. 'आमचा माणूस जिथे आहे ते केंद्र' असं चालत नाही, आणि चर्चच्या मोजण्या इथेच घसरतात, कारण कार्यकर्ते मोठ्या चर्चभोवती जास्त आणि आडरानात कमी असतात. ४० हजार माणसं म्हणजे दरारा. दरारा हवाच, पण तो नमुना नव्हे. हजार केंद्रांच्या चांगल्या नमुन्यात चूक साधारण दोन टक्के इकडे-तिकडे राहते. ती निम्मी करायची तर केंद्रं दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात.

निरीक्षक पहाटे केंद्र उघडायच्या आधी पोचतो आणि पत्रक दारावर लागेपर्यंत हलत नाही. म्हणून डबा, पाणी आणि टॉर्चचे जादा सेल त्याच्या पिशवीत आधीच घालून द्यायचे. मोजणी अंधार पडल्यावर होते, आणि टॉर्च विझला की आकडा ऐकीव होतो. प्रवासखर्च मतदानाच्या आधी हातात द्यायचा. नंतर देऊ म्हणालात तर संध्याकाळी पाचला माणूस शेवटची गाडी पकडतो. त्याचं स्वतःचं मत कुठे आहे तेही आधी विचारायचं, नाहीतर तो दुपारी दोन तास गायब होतो आणि नेमक्या त्याच वेळी पेटी बदलली असा आरोप होतो.

आकडा पाठवायचा तो ठरलेल्या साच्यात. केंद्राचा क्रमांक, मग 'अ२१४ ब९७ क४० बाद६ एकूण३५७'. शेवटचा आकडा बेरीज तपासण्यासाठी. २१४, ९७, ४० आणि ६ मिळून ३५७ झाले नाहीत तर संदेश आपोआप बाजूला पडतो आणि त्या माणसाला लगेच फोन जातो. याची मतदानाआधी निदान दोनदा रंगीत तालीम घ्यायची. पहिल्या तालमीत बऱ्याच जणांचे संदेश चुकतात, ते तेव्हाच चुकलेले बरे.

फोनवर विसंबूनही चालत नाही. काँगोत मतदानाच्या दुसऱ्या दिवशीच, ३१ डिसेंबरला, इंटरनेट आणि एसएमएस दोन्ही बंद केले गेले. अशा वेळी साधा फोन, मोटरसायकलवरून कागद, आणि अनेक धर्मप्रांतांकडे असलेले जुने रेडिओ संच, ज्यांना तिथे 'फोनी' म्हणतात, ते कामी येतात. नुसत्या मोबाईल अ‍ॅपवर निरीक्षण उभारणाऱ्या संस्थांचा त्या रात्री काय उपयोग, ते त्यांनीच सांगावं.

आणखी एक: शहरांतले आकडे आधी येतात, लांबच्या खेड्यांतले उशिरा. शहरात बहुतेकदा विरोधक पुढे असतात. म्हणून नमुन्यातली निम्मी केंद्रं आली की जी बेरीज दिसते ती खोटी असते. लांबची केंद्रं येईपर्यंत कुणालाही, अगदी बिशपांनासुद्धा, बेरीज दाखवू नये.

तर २०१८च्या निरीक्षकांनी आपलं काम केलं. ३ जानेवारी २०१९ला परिषदेनं जाहीर केलं की आमच्याकडच्या पत्रकांवरून एक उमेदवार स्पष्ट जिंकलेला दिसतो. नाव मात्र सांगितलं नाही. आयोगाचे अध्यक्ष कॉर्नेय नांगा यांनी उलट बिशपांवरच उठावाला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवला. हेच नांगा डिसेंबर २०२३मध्ये एम-२३ बंडखोरांबरोबर सशस्त्र आघाडी काढून बसले, हे जाता जाता. १० जानेवारीला आयोगानं निकाल दिला: फेलिक्स चिसेकेदी ३८.५७ टक्के, मार्टिन फायुलू सुमारे ३५ (दोघेही विरोधक), सत्ताधाऱ्यांचे शादारी सुमारे २४. बिशपांनी म्हटलं, आमच्या आकड्यांशी हे जुळत नाही. नाव तरीही नाही. काही दिवसांनी आकडे फुटून वर्तमानपत्रांत आले, आणि सुमारे ४३ टक्के मतांवरच्या परिषदेच्या पत्रकांत फायुलूंना ६० टक्क्यांहून जास्त मतं होती. १७ जानेवारीला आफ्रिकी संघानं निकालाबद्दल गंभीर शंका व्यक्त करून अंतिम घोषणा थांबवायला सांगितलं. फायुलू फेरमोजणीसाठी घटनात्मक न्यायालयात गेले. न्यायालयानं पुरावा नाही म्हणून अर्ज फेटाळला. २४ जानेवारीला चिसेकेदींचा शपथविधी झाला.

पुरावा नाही! आणि हजारो पत्रकांचे आकडे धर्मप्रांतांच्या कपाटात होते.

यावर मी ऐकलेला युक्तिवाद असा: कायद्यानं निकाल जाहीर करायचा अधिकार फक्त आयोगाचा, आणि नाव सांगितलं असतं तर रक्तपात झाला असता, म्हणून बिशपांनी केलं ते शहाणपणाचं. मला हे पटलेलं नाही आणि पटणार नाही. दारावर चिकटवलेलं पत्रक सार्वजनिक असतं. त्याचा फोटो छापणं म्हणजे निकाल जाहीर करणं नव्हे. केंद्रवार तक्ता काढा, खाली बेरीज करू नका, नाव घेऊ नका. बेरीज लोक करतील. 'आम्हाला माहीत आहे पण सांगत नाही' हे वाक्य सगळ्यांत वाईट: सरकार चिडायचं ते चिडतंच, आणि विरोधकाच्या वकिलाच्या हाती कागद एकही लागत नाही. उलट मलावीत २०१९च्या निकालपत्रकांवर करेक्शन फ्लुइडनं आकडे बदलल्याचं कोर्टापुढे आलं. मूळ कागद समोर होते, महिनोन् महिने मोर्चे चालू होते, आणि ३ फेब्रुवारी २०२०ला पाच न्यायाधीशांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूकच रद्द केली.

जाहीर कधी करायचं, किती टक्के केंद्रं आल्यावर, कुणाच्या सहीनं, हे मतदानाच्या आधी छापून सांगा. आधी सांगितलं की नंतर दबाव आणायला जागा उरत नाही. केनियात २०२२मध्ये हे बरंचसं जमलं. तिथल्या निरीक्षक गटात चर्चची राष्ट्रीय परिषद, कॅथलिक न्याय व शांती आयोग आणि मुस्लिमांची सर्वोच्च परिषद एकत्र आहेत. निवडणूक आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी निकालातून अंग काढून घेतलं, देश श्वास रोखून होता. या गटाची समांतर मोजणी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम रुटो यांना ५०.७ टक्के देत होती, चूक २.१ टक्के इकडे-तिकडे. अधिकृत आकडा ५०.४९. आयोगानंही केंद्रवार पत्रकांच्या प्रती सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या होत्या. यातून पहिल्या फेरीतच जिंकायला लागणारी ५० टक्क्यांची रेषा ओलांडली गेली का, हे नमुना सांगू शकत नव्हता, कारण फरक त्या २.१ टक्क्यांच्या आतच होता. पण अधिकृत आकडा हवेतून काढलेला नाही, एवढं तो ठामपणे सांगत होता.

निवडणुकीपलीकडचं एकच उदाहरण देतो. झांबियात लुसाका इथलं जेझुइट या कॅथलिक संघाचं केंद्र १९९१पासून बाजारातल्या किमती गोळा करतं: २५ किलोच्या पोत्यातलं मक्याचं पीठ, सुकी कापेंता मासळी, घेवडा, तेल, कोळशाचं पोतं, साबण, घरभाडं. एका कुटुंबाला महिना काढायला किती लागतात, ते छापतं. गरीब माणूस पोतं घेत नाही, 'पामेला' म्हणजे सुटं पीठ थोडं थोडं घेतो आणि किलोमागे जास्त मोजतो. नुसत्या सरकारी महागाई दराच्या आकड्यात हे दिसत नाही. कामगार संघटना पगाराच्या बोलणीत ही यादी टेबलावर ठेवतात. प्रवचन म्हणाल तर हेसुद्धा प्रवचनच, पण त्यात आकडा आहे.

आता दुसरी बाजू, जी मी आधीच लिहायला हवी होती. धर्मसंस्था आपोआप चांगल्या बाजूला नसतात. रवांडात किगालीचे आर्चबिशप बरीच वर्षं सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीवर होते, आणि १९९४च्या नरसंहारात चर्चच्या आवारांत काय झालं ते जगाला माहीत आहे. केनियात १९९९च्या शेवटी चर्च, मुस्लिम परिषद आणि केनियाची हिंदू परिषद यांनी मिळून उफुंगामानो नावाचा मंच उभा केला आणि सरकारला बाजूला ठेवून स्वतःचा घटना आयोग नेमला. भारतीय वंशाचे कायदेपंडित यश पाल घई यांनी सरकारी आयोगाचं अध्यक्षपद घेताना दोन्ही आयोग एक करायचा आग्रह धरला, तो २००१मध्ये मान्य झाला. आणि ४ ऑगस्ट २०१०ला नवी घटना मताला आली तेव्हा गर्भपात आणि काझी न्यायालयांच्या कलमांवरून मोठ्या चर्चनी विरोधात प्रचार केला. लोकांनी दोनतृतीयांश मतांनी ती मंजूर केली.

काँगोच्या बिशपांची भीतीही खोटी नव्हती. मोर्च्यात मेलेली माणसं त्यांच्याच चर्चमधून बाहेर पडली होती. ज्याला ते अंत्यसंस्कार करावे लागले त्याला मी इथे बसून भित्रा म्हणणार नाही. पण डिसेंबर २०२३मध्ये त्याच परिषदेनं, या वेळी प्रोटेस्टंट चर्चला सोबत घेऊन, पुन्हा हजारो निरीक्षक उतरवले आणि पुन्हा समांतर मोजणी केली. निवेदनात म्हटलं की एका उमेदवाराला निम्म्याहून जास्त मतं पडलेली दिसतात. नाव नव्हतं, केंद्रवार तक्ताही नव्हता.