क्रॉस पिल्लू पूर्ण कधी वाढतं? आधी वय पक्कं करा, मग काटा हाती घ्या

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: औसा तालुक्यात शेतावर कुत्र्याची ही क्रॉस, म्हणजे मिश्र जातीची, पिल्लं आहेत. आई गावरान, अंदाजे 18 किलोची. बाप शेजारचा लॅब्रॅडॉर असावा असं लोक सांगतात. पिल्लं 15 आठवड्यांची, नर 7.2 किलो, मादी 5.1 किलो. ती किती मोठी होतील, कधीपर्यंत वाढतील, मादी खुरटली आहे का, आणि कॅल्शियमचं औषध सुरू करावं का, हे तुम्हाला हवंय.

सगळ्यात आधी वय तपासा. जन्माची तारीख अंदाजाने सांगितलेली असेल तर दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात सगळा हिशेब बदलतो. तेच 7.2 किलोचं पिल्लू 12 आठवड्यांचं असेल तर मोठेपणी 22-23 किलोपर्यंत जाईल. 18 आठवड्यांचं असेल तर 15-16 वर थांबेल. तोंड उघडून दात पाहा. दुधाचे दात 28 असतात, बारीक आणि सुईसारखे टोकदार. समोरचे मधले पटाशीचे दात साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास पडतात आणि जागेवर रुंद, पांढरेशुभ्र पक्के दात दिसू लागतात. सुळे पाच-सहा महिन्यांत बदलतात. सहा-सात महिन्यांपर्यंत दाढांसकट 42 दात पूर्ण होतात. तुमच्या पिल्लांचे मधले दात नुकतेच पडले असतील किंवा हलत असतील, तर 15 आठवडे बरोबर आहेत असं धरा.

आता हिशेब. मोठेपणी 12 ते 25 किलो भरणारं कुत्रं 14-15 आठवड्यांचं असताना आपल्या अंतिम वजनाच्या साधारण 40 टक्क्यांवर असतं. म्हणून वजनाला अडीचने गुणायचं. नर 18 किलोच्या आसपास, मादी पावणेतेरा. त्यात दोन्ही बाजूंना 15 टक्के सूट ठेवा, म्हणजे नर 15 ते 21 आणि मादी 11 ते 15. यापेक्षा नेमका आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका.

वजनाला आठवड्यांनी भागून 52 ने गुणायची जी युक्ती सगळीकडे फिरते, ती वापरू नका. त्या हिशेबाने तुमचा नर 25 किलोचा ठरतो. पिल्लू वर्षभर एकाच वेगाने वाढतं असं त्यात धरलेलं असतं, आणि ते तसं वाढत नाही. पहिल्या पाच महिन्यांत जोर, मग वेग उतरत जातो. पामेरियनसारख्या लहान चणीच्या पिल्लाच्या बाबतीत तर ही चूक फारच मोठी होते, कारण ते साडेतीन महिन्यांतच निम्मं वाढून बसलेलं असतं. पंजाच्या आकारावरून अंदाज बांधण्याचंही असंच. पंजा आणि मनगटाची जाड गाठ पाहून वाढ बाकी आहे एवढं कळतं, किती बाकी आहे ते नाही.

बाप लॅब्रॅडॉरच होता का, याबद्दल मला शंका आहे. 18 किलोची आई आणि 30 किलोचा बाप असता तर नर पिल्लू या वयात नऊ-साडेनऊ किलोच्या घरात अपेक्षित होतं. पाय लांब, छाती खोल आणि पोट आत ओढलेलं असेल तर कारवानी या सडपातळ देशी शिकारी जातीच्या रक्ताचा विचार करा. लातूर-उदगीर भागात ते नवलाचं नाही. तसं असेल तर वजनावर जाऊ नका. कारवानी कुत्रं खांद्याला 65-70 सेंटीमीटर भरतं पण अंगाने हलकंच राहतं, त्यामुळे काट्यावर लहान वाटणारं पिल्लू उंचीला आईच्या पुढे जाऊ शकतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: कुत्री माजावर असताना एकाहून जास्त नरांकडून फळू शकते, त्यामुळे एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. तुमच्या नर-मादीतला फरक निव्वळ लिंगाचा मानायला जरा जास्तच आहे. बहुधा एक तर बाप वेगळा, नाहीतर पोटात जंत.

म्हणून मादीला खुरटलेली ठरवण्याआधी जंताकडे पाहा. पोट फुगलेलं, बरगड्या उघड्या, केस राठ, अशी लक्षणं असतील तर वाढीचं गणित तूर्त बाजूला ठेवा. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक वेळी ताज्या वजनावर. भाकरी-दूध एवढंच खाऊ घालत असाल तर प्रथिनं कमी पडतात. उकडलेली अंडी, शिजवलेलं चिकन द्या. घरातलं कांदा घातलेलं कालवण मात्र अजिबात नको, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कॅल्शियम स्वतःच्या मनाने देऊ नका. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं. मोठ्या चणीच्या पिल्लात त्याने हाडं वाकडी होतात, सांधे बिघडतात. विकतचं पिल्लांचं पूर्ण खाद्य चालू असेल तर वेगळ्या कॅल्शियमची गरज नसते. उलट नुसतं बिनहाडाचं मांस खाणाऱ्या पिल्लाला ते खरंच कमी पडतं. तेव्हा बाटली आणण्याआधी काय खातंय ते डॉक्टरांना सांगा. भरपूर चारून कुत्रं मोठं होत नाही, लवकर जड होतं, आणि तो भार कोवळ्या हाडांवर येतो.

वाढ कधी संपते? 10 किलोच्या आतलं कुत्रं 9-10 महिन्यांत, तुमच्यासारखं मध्यम साधारण वर्षात, 25-40 किलोचं 15 ते 18 महिन्यांत, त्याहून अवाढव्य जातीचं दोन वर्षांपर्यंत. उंची आधी थांबते. मध्यम कुत्र्याची उंची आठ-दहा महिन्यांत जवळपास पूर्ण होते, छाती आणि स्नायू पुढेही भरत राहतात. मादी सहा-सात महिन्यांत माजावर आली म्हणून तिची वाढ झाली असं नाही; पहिल्या माजाला फळवू नका. खूप लवकर नसबंदी केली तर हाडांच्या टोकाच्या कूर्चा (जिथून हाड लांबीला वाढतं) उशिरा बंद होतात आणि कुत्रं थोडं जास्त उंच होतं, हेही हिशेबात धरा. कूर्चा बंद झाल्या का हे मनगटाच्या एक्स-रेत दिसतं. लंगडणं दिसलं तर तो काढून घ्या. आपल्याकडे परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वाढ पूर्ण होईपर्यंत ओट्यावरून उड्या आणि गाडीमागे पळवणं बंद.

आजपासून दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन घ्या. पिल्लू कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन वजा करा. हलकं पिल्लू असेल तर किराणा दुकानातला काटा जास्त बरोबर. उंचीसाठी भिंतीला लागून सपाट फरशीवर उभं करा आणि मानेच्या मुळाशी खांद्याच्या वरच्या टोकावर पट्टी आडवी धरून भिंतीवर खूण करा. तुमच्या नराने या वयात आठवड्याला 450 ते 600 ग्रॅम, मादीने 300 ते 400 ग्रॅम घ्यायला हवेत. एखादा आठवडा कमी भरला तर घाबरू नका, एप्रिल-मेच्या उन्हात पिल्लं कमीच खातात. खाणं पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्या. सलग दोन आठवडे वजन जागचं हललं नाही तर दवाखाना. 20 आठवडे पूर्ण झाले की नवं वजन दुप्पट करून पाहा, तो आकडा आजच्यापेक्षा बराच भरवशाचा असेल. मादी तेव्हा साडेसहाच्या आसपास असेल तर ती खुरटलेली नाही, तिची चणच लहान आहे.